सुटलेली गाडी

मोटारवाल्याने मला फसवले. मी त्याला नव्हे. गावात उलटे सांगणारे आहेत, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

माझा धंदा सुपारीचा. लहानपणी लोकांच्या अंगणात बसून सुपारी सोलली. मग श्रीवर्धनच्या वाड्या मक्त्याने घेऊ लागलो आणि शेवटी गावाबाहेरच्या वळणावरची एक वाडी स्वतःची केली. भाव करताना माझा आवाज चढतो, हे खरे. पण समोरच्याचा शब्द मी मालासारखाच पारखून घेतो.

मोटारवाला पूर्वी बैलगाड्या हाकायचा. माझी सुपारी बंदरावर वर्षानुवर्षे त्यानेच नेली. पुढे त्याने एक जुनी मोटार आणली आणि आगबोटीचे उतारू बंदरावर पोचवू लागला. आमचे वळण अरुंद, मोटार एका दमात वळेना. त्याला माझ्या वाडीचा कोपरा हवा होता.

"बोल, किती देऊ?" ओटीवर बसता बसता त्याने विचारले.

"पैसा राहू दे. मला शब्द हवा."

"तू? आणि पैसा नको म्हणतोस? तब्येत बरी आहे ना?"

शाळेची गाडी त्याच वळणावर थांबे. आसपासच्या वाड्यांतली मुले तिच्यातून श्रीवर्धनला जात-येत. मोटारीच्या आवाजाला बैल बुजत, म्हणून आमचा गाडीवान आधी बैल सोडून कडेला धरी. जू जमिनीला टेकले की मुले उतरत आणि रस्ता ओलांडून बेड्यातून, म्हणजे फाटकातून, माझ्या वाडीत शिरत. तिथून आपापल्या घरी. त्यांत माझी मुलगी होती. मी तिला शाळेत घातले तेव्हा पुष्कळजण हसले होते.

म्हणून मी शब्द घातला तो असा: शाळेची गाडी सुटली असली, तर मोटार मागेच उभी राहील, शेवटचे मूल वाडीच्या बेड्यातून आत जाईपर्यंत हलणार नाही.

"आणि बोट गेली तर?"

"उतारूंना रात्रभर तुझ्या घरी ठेव. जेवू घाल."

"तुझ्याशी बोलणं म्हणजे सोललेली सुपारी परत सालात भरणं आहे," तो म्हणाला आणि हसला. दुसऱ्या दिवशी देवळात, चार माणसांसमोर, नारळावर हात ठेवून त्याने माझा शब्द जसाच्या तसा म्हटला. त्याच आठवड्यात मी कोपऱ्यातल्या पोफळी तोडल्या. फळाला आलेल्या होत्या.

पहिला ड्रायव्हर आमच्याच बाजूचा होता. त्याने नियम मोडला नाही. माझी मुलगी गाडीतून सर्वांत शेवटी उतरे, रस्त्याच्या मधोमध उभी राही आणि मोटारीला तळहात दाखवी. ड्रायव्हर टोपीला हात लावून सलाम करी. ती बेड्यात शिरली की भोंगा एकदा वाजे. घरी येऊन ती आईला म्हणे, "मी थांबवली." कोणी चिडवले तर सांगे, "रस्ता माझ्या बाबांनी घेतलाय." मी तिला रागावलो नाही. ऐकायला बरे वाटे.

मग तो ड्रायव्हर आजारी पडून गावी गेला आणि मुंबईत वाढलेला एक तरुण आला. सुरुवातीला आम्ही सगळे त्याच्यावर खूश. सकाळी शाळेची गाडी रस्त्याने चालली असली की तो मोटार तिच्या मागे बैलांच्या चालीने आणी, कितीही उशीर होवो. गाडीवान कौतुकाने म्हणाला, "शेट, नवा डायवर लय शाना हाय. म्होरं येतच न्हाय."

मुले उतरण्याच्या वेळी वळणावर मात्र त्यांची गाठ अजून पडली नव्हती. थोड्याच दिवसांनी तोच गाडीवान धापा टाकत माझ्याकडे आला. "शेट, आज मोटार उभी ऱ्हायली न्हाय. गाडी सुटलेली, पोरं उतरत व्हती, आन् हा बाजूनं गेला. मी वरडलो. मालक सोता बाजूला बसलेला. हात हलवून म्हनतो, चल चल, बोट जाईल."

मी तसाच मोटारवाल्याच्या घरी गेलो. पायरीवरूनच ओरडलो.

"आरडू नकोस, आत पाहुणे आहेत," तो म्हणाला. "पोरगा नवा आहे. समजावतो त्याला."

"आज समजाव."

"आजच. जा तू आता."

मी परत फिरलो. पाहुण्यांसमोर भांडण नको, एवढा मान मी त्याला दिला.

मुलगी गेली ती त्याच आठवड्यात. गाडी सुटली होती, बैल कडेला होते, बाकीची मुले पलीकडे पोचली होती. ती मधोमध उभी राहिली आणि तिने हात वर केला. पळायला तिला जागा होती. गाडीवान सांगतो, ती पळाली नाही, हातही खाली घेतला नाही. मोटार थांबणार, हे तिला ठाऊक होते.

तिची पाटी रस्त्यावर सापडली. फुटली नव्हती. तिची आई ती अजून पुसून ठेवते.

कचेरीत चौकशी झाली. ड्रायव्हर रडत होता. म्हणाला, "मालकांनी सांगितलं होतं, शाळेची गाडी सुटली असली तर मागे राहायचं. मी रोज राहिलो. पण त्या दिवशी गाडी सुटली नव्हती, साहेब, ती तर उभी होती!"

मुंबईच्या पोराला सुटलेली गाडी म्हणजे निघालेली गाडी. बैल सोडलेली गाडीही सुटलेलीच म्हणतात, हे त्याला कोण सांगणार? गाडी चालली की तो मागे राही आणि उभी राहिली की पुढे जाई. नियम त्याने पाळलाच होता, फक्त उलटा.

मोटारवाल्याला विचारले, तेव्हा तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "शब्द यांचा आहे. मी अक्षरही बदललं नाही."

खरेच, अक्षरही बदलले नव्हते. तेवढ्यावर तो सुटला. लोक मला सांगतात, शब्द तूच घातलास, आता जीभ चाव. ड्रायव्हर निघून गेला. त्याच्यावर माझा राग नाही. माझ्या कोपऱ्यावरून अजून मोटारी वळतात, पूर्वीपेक्षा जास्त. पोफळींच्या जागी चाकांच्या चाकोऱ्या पडल्या आहेत. शाळेची गाडी आता अलीकडेच थांबते आणि मुलांना गाडीवान एकेकाला हाताला धरून नेतो.

मोटारवाल्या, तू जन्मभर बैल जुंपलेस आणि सोडलेस. सुटलेल्या गाडीशेजारून तुझी मोटार गेली, तेव्हा तू आत बसला होतास. त्या पोराची समजूत कुठे चुकली, हे तुला त्याच क्षणी कळले होते. मला तू "आजच" म्हणालास. नारळावर हात ठेवलास त्या देवळात, त्याच चार माणसांसमोर ये आणि सांग: त्या संध्याकाळी तू त्याच्याशी बोललास की नाही? माझ्या मुलीने हात वर केला होता. तिला उत्तर दे.