भीतीची हजेरी

आमच्या बोटीवरच्या मोठ्या सिस्टरांइतकं भित्रं माणूस सातपुड्याच्या अलीकडे किंवा पलीकडे दुसरं झालं नसेल, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. नर्मदेच्या धरणाचं पाणी डोंगरांत चढलं आणि अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाची काही गावं अशी होऊन बसली, की तिथे पोचायचं तर बोटीनेच. त्या गावांसाठी आमचा तरंगता दवाखाना होता आणि पाणी पाहून घाम फुटणारी ही बाई त्याच्यावर सोळा वर्षं नोकरी करत होती. माहेर शहाद्याकडचं, केळीच्या बागांतलं. पाणी म्हणजे पाटातून घोट्याएवढं वाहतं ते, एवढीच त्यांची लहानपणापासूनची ओळख. लाइफ जॅकेट त्या काठावरच्या खोलीतच चढवत, वर कमरेला गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन बांधत, आणि मग बोटीच्या बरोबर मध्यावर बसून दोन्ही हातांनी बाकडं धरत. जॅकेट असताना कॅन कशाला, असं मी पहिल्याच दिवशी हसत विचारलं. "जॅकेट सरकारनं शे साहेब, कॅन मन्हा घरना शे," त्या म्हणाल्या. मी सांगलीचा, कृष्णेत पोहत वाढलेला, नुकताच डॉक्टर झालेला आणि हुद्द्याने त्यांचा साहेब. मला ती बाई म्हणजे मोठी करमणूक वाटली.

त्यांना ढगाची भीती वाटायची आणि ढग नसला तर तो डोंगरामागे लपलाय म्हणून भीती वाटायची. छपराच्या कैचीत राहणाऱ्या पालीची भीती होती. उभ्या नोकरीत हजारो लोकांना सुया टोचल्या असतील, पण स्वतःला टोचून घ्यायची वेळ आली की डोळे गच्च मिटून "माय व!" म्हणून असा टाहो फोडायच्या, की रांगेतली पोरं आपलं रडं विसरून त्यांच्याकडे पाहत राहायची. मात्र त्यांच्या काही भीत्या हसण्यावारी नेणं मला पुढे पुढे जड जाऊ लागलं. एका गावात पंधरा-वीस पोरं किंचाळत होती आणि या बाईंनी कोपऱ्यातल्या आजीच्या मांडीवरचं शहाण्यासारखं झोपलेलं बाळ उचलून सगळ्यांच्या आधी माझ्यापुढे आणलं. मी म्हटलं, रडणाऱ्यांना आधी बघू. "रडस त्यानं माले भेव नही. गप शे त्यानं भेव वाटस," त्या म्हणाल्या. बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. न्यूमोनिया होता, आणि आणखी एक दिवस गेला असता तर आम्हाला ते दिसलंच नसतं.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा सकाळी साडेसातला सुरू व्हायचा. इंजिन चालू करण्याआधी त्या सगळ्यांना काठावर उभं करून हजेरी घ्यायच्या, आणि ती हजेरी नावांची नसे. "बोला, आज कसानं भेव वाटस?" असं प्रत्येकाला विचारत. आमचे फार्मासिस्ट भाऊसाहेब कधी लशीच्या पेटीतला बर्फ विरघळेल म्हणत, कधी घरी सासूबाई आल्यात म्हणत. सिस्टर दोन्ही सारख्याच गांभीर्याने ऐकून घेत. बर्फासाठी पेटीवर ओलं गोणपाट येई आणि सासूबाईंसाठी भाऊसाहेबांना अर्धा तास उशिरा घरी जायची परवानगी मिळे. बोट चालवणारे जामसिंगदादा पावरा समाजातले, काठच्याच गावचे. ते तोलून मापून मराठी बोलत. "पाणी उतरलंय. बुडालेल्या झाडांचे शेंडे लागतील," एवढंच म्हणत, आणि त्या दिवशी बोट लांबच्या वाटेने जाई. भीती नाही म्हणणाऱ्याला बोटीत जागाच नव्हती. एकदा पाहणीला आलेले एक पाहुणे साहेब मिशीला पीळ देत "आम्हाला कशाचीच नाही" म्हणाले. सिस्टरांनी त्यांना झाडाखाली खुर्ची दिली, चहा दिला आणि बोट सोडायला लावली. मी रागावलो तर म्हणाल्या, "मोठा मानूस शे, पन ज्याले भेव नही तो बोटमा उभा ऱ्हास."

अशात मला नंदुरबारला दोन दिवसांच्या नेतृत्व प्रशिक्षणाला जायचा हुकूम आला. पडद्यावर चित्रं दाखवून आम्हाला सांगण्यात आलं की नेता कधी भीती दाखवत नाही, हाताखालच्यांच्या मनात भीती येऊ देत नाही, आणि रोज सकाळी आरशासमोर उभा राहून "मी निर्भय आहे" असं तीनदा म्हणतो. मी ते मनावर घेतलं. परत आल्यावर दाढी करताना तीनदा म्हटलं, काठावर आलो आणि जाहीर केलं की आजपासून भीतीची हजेरी बंद. प्रत्येकाने दिवसाचं ध्येय सांगायचं, तेही मोजता येईल असं. भाऊसाहेबांनी लगेच चाळीस लशी सांगितल्या. जामसिंगदादा बराच वेळ दोरीकडे बघत राहिले आणि "तीन गावं" म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "संध्याकायले सगळा घर पाहिजेत." हे ध्येय मोजता येत नाही, असं मी नेत्याच्या आवाजात सांगितलं. "येस ना मोजता," त्या म्हणाल्या. "चार गयात, चार उनात." चार गेले, चार परत आले, एवढाच त्यांचा हिशोब. मी हसलो. आज ते हसू आठवलं की लाज वाटते.

चौथ्या दिवशी तिसऱ्या गावात पहिलटकरीण अडलेली सापडली. पोरगी अठरा-एकोणीसची, सोबत सासू. मूल आडवं होतं आणि ते माझ्या हातून तिथे सुटण्यासारखं नव्हतं. काठावर रुग्णवाहिका उभी असायची, तिथपर्यंत दोन तासांचं पाणी. आम्ही तिला बोटीत घेतलं आणि तासाभरात वारा सुटला. जिथे पाणी सगळ्यात रुंद आहे, दोन्हीकडचे डोंगर लांब गेलेत, नेमकं तिथे काड्कन आवाज झाला. सुकाणूची दोरी तुटली आणि बोट लाटांना आडवी झाली. एकेक लाट आत यायला लागली. मी जामसिंगदादांकडे ओरडलो, "दोरी कधीपासून झिजली होती?"

"चार दिवस."

"मग सांगितलं का नाही?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, तुम्ही ध्येय विचारलं."

कृष्णेत पोहलेला मी, पण तिथे काठच दिसत नव्हता. आरशासमोरचं ते वाक्य मी खरोखर मनात तीनदा म्हणून पाहिलं. बोटीतली सहाही माणसं माझ्यामुळे मरणार, पोटातलं धरून सात, हा एकच विचार डोक्यात ठाण मांडून बसला. सिस्टर मध्यावर बसून त्या पोरीचं डोकं मांडीवर घट्ट धरून होत्या. डोळे मिटलेले, ओठ पांढरे पडलेले. तशाच त्या ओरडल्या, "हजेरी ल्या साहेब! आते ल्या!"

मी घेतली. आवाज फाटला होता, पण घेतली. जामसिंगदादा म्हणाले, उजवीकडे बुडालेली टेकडी आहे, बोट तिच्यावर जाते आहे. भाऊसाहेब म्हणाले, तुटलेली दोरी पंख्यात गुंतेल. सासू तिच्या बोलीत काही म्हणाली, जामसिंगदादांनी सांगितलं, पोरीने मघापासून हाकेला ओ दिली नाही. आणि प्रत्येक भीतीबरोबर एकेक काम समोर आलं. भाऊसाहेबांनी आधी दोरी आत ओढली. इंजिन बंद केलं, दोघांनी बांबू टेकडीला रोवून बोट लोटली, नांगराची दोरी कापून जामसिंगदादांनी ती सुकाणूला बांधली. "अन् तुम्हले, साहेब?" सिस्टरांनी विचारलं. मी म्हणालो, "मला काहीच सुचत नाहीये, सिस्टर. त्याचीच भीती वाटतेय." त्यांनी डोळे उघडले. "मंग आठे बठा. हिनी नाडी धरा." मी बसलो, नाडी धरली, आणि ती बोटांखाली लागल्यावर मला पुन्हा डॉक्टर असल्याचं आठवलं. सलाईन लावली. पोरीने ओ दिली. काठ यायला आणखी दीड तास लागला आणि तो दीड तास मी अजून पुरता विसरलेलो नाही. अक्कलकुव्याला नेऊन तिचं पोट उघडावं लागलं. मुलगी झाली, दोघी जगल्या.

आज माझ्या हाताखाली तीस माणसं आहेत आणि माणसं सांभाळण्यातलं मला जे थोडंफार येतं, ते त्या बाईंचं आहे. सिस्टर निवृत्त होऊन शहाद्याला राहतात. मुलगी सुरतेला, यजमान कधीच गेलेले. परवा कामासाठी त्या बाजूला गेलो होतो, म्हणून तासभर डोकावलो. त्यांनी बोटीवरच्या प्रत्येकाची चौकशी केली, माझी रक्तदाबाची गोळी विचारली, केळीची भजी केली. साडेचारच्या एसटीची वेळ होत आली म्हणून मी चपला पायात सरकवल्या, तेव्हा माझ्या एकदम ध्यानात आलं, की इतक्या वर्षांत आम्ही कुणीच ही हजेरी त्यांची घेतली नाही. त्या दिवशी वाऱ्यातही सगळ्यांची घेतली, त्यांना मात्र विचारायचं राहिलं. त्यांची भीती सगळ्यांना दिसतेच, असं आम्ही धरून चाललो होतो. मी विचारलं, "सिस्टर, तुम्हाला आज कशाची भीती वाटते?"

त्या हसल्या, "येडा व्हयनात का साहेब," म्हणाल्या आणि कप घेऊन आत गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज येत होता. बाहेर आल्या, पदराला हात पुसत समोर बसल्या आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही आते उठी जाशात, त्यानं भेव वाटी ऱ्हायनं."

मी पायातल्या चपला परत काढल्या आणि साडेचारची एसटी जाऊ दिली.