अप्पांचे एंटर

मंडळी, आज आमच्या घरच्या वेबसाइटची जुनी सॉफ्टवेअर लायब्ररी अपग्रेड केली आणि तासाभरात अग्रहारातून, गावच्या ब्राह्मण आळीतून, आत्याचा फोन आला.

साइटवर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, लिहिलेल्या आमच्या सरगूर गावच्या आठवणी आहेत. अप्पा आता नाहीत. त्यांचा साधा मजकूर ही लायब्ररी एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या रूपात, बदलते.

"अगं, हा माझा भाऊ नव्हेच," आत्या म्हणाली. "एवढं सलग कधी बोलला होता तो?"

पाहते तर सगळ्या ओळी एकमेकींना चिकटलेल्या. नवी आवृत्ती नुसत्या एंटरला नवी ओळ मानतच नाही.

अप्पा जन्मभर टायपिस्ट. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजायची. कॉम्प्युटरला घंटी नाही, म्हणून ते दम घेतील तिथे एंटर मारायचे. मी किती चिडायचे! "वाक्य तरी संपू द्या, अप्पा!"

"इरलि बिडु, असू दे गं. वाचणाऱ्यालाही दम लागतो."

एक सेटिंग बदललं, ओळी परत आल्या. कोडमध्ये टीप लिहिली: 'हे काढू नका. इथे अप्पा दम घेतात.'

तुमच्या घरात कुणाची अशी खोड होती, जी मोडता आली नाही हे बरंच झालं?