मोसंबीच्या बागेतलं मोरचूद

पावसाळ्याच्या तोंडाला आणि पुन्हा पाऊस सरल्यावर पाचोडजवळच्या आमच्या बागेत मोसंबीची खोडं रंगवायचं काम निघायचं. दादा, म्हणजे माझे वडील, आदल्या संध्याकाळी मोरचुदाचे खडे फडक्यात बांधून प्लास्टिकच्या टिपातल्या पाण्यात टांगून ठेवत. सकाळी ते पाणी असं निळंशार झालेलं असायचं, की मला त्यात ओढणी बुडवावीशी वाटे. लोखंडी बादली मात्र वापरायची नाही; मोरचूद लोखंड खातं. दुसऱ्या टिपात विझवलेला चुना असे. दोन्ही एकत्र ओतलं की फिकट आकाशी लेप तयार व्हायचा. दादा त्यात विळ्याचं पातं बुडवून बघत. पात्यावर तांबूस थर चढला तर अजून चुना घालायचा, नाहीतर झाड पोळतं. या लेपामुळं खोडाला डिंक्या, म्हणजे डिंक गळायचा रोग, लागत नसे.

उरलेले खडे दादा कुलपात ठेवत. "दिसायला खडीसाखर, पण जहर हाय," ते म्हणायचे.

मी कॉलेजात होते त्या वर्षी आई वाकून एक खोड रंगवत होती. दंडाला अडकलेली फांदी सुटली आणि ब्रशवरचा लेप थेट तिच्या उजव्या डोळ्यात उडाला. ती तिथंच खाली बसली.

"अगं, मला दिसंना," एवढंच म्हणाली.

दादांनी तिला हौदापाशी नेलं. मी तिच्या पापण्या फाकवून धरल्या आणि ते तांब्यानं पाणी ओतत राहिले.

"लई आग व्हतीय. पुरं करा आता," आई म्हणाली.

"नाय. अजून. डोळा झाकू नको."

शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्ही शहराकडं निघालो, तेव्हाही दादांच्या हातात पाण्याची कळशी होती. आईचं लुगडं भिजून चिंब झालं. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा तपासला आणि सांगितलं, "चुना आणि मोरचूद दोन्ही डोळ्याला घातक. पाणी मारत राहिलात, म्हणून निभावलं." दादा रिकामी कळशी मांडीवर घेऊन बाहेर बाकड्यावर येऊन बसले.

आईच्या डोळ्यावर पट्टी असेपर्यंत भाकऱ्या दादांनीच थापल्या, जाडजूड आणि कडेला करपलेल्या. हळूहळू नजर परत आली. कडेचं थोडं धूसर राहिलं ते कायमचं. मग दादांनी शहरातल्या गुलमंडी बाजारातून तिच्यासाठी मोठा गॉगल आणला. तो घालून ती बागेत आली, तेव्हा कामावरच्या बाया हसल्या.

"पिक्चरमधी काम मिळालं का, वहिनी?"

"व्हय, हिरॉइनचं," आई म्हणाली. पुढं ती मिरच्या भाजतानाही तो घालायची आणि दादा चुलीपाशी बसून तिच्याकडं बघत राहायचे.

नंतरच्या दुष्काळात विहीर आटली आणि बाग तोडावी लागली. दादाही आता नाहीत. आई शहरात, पडेगावला माझ्याकडं असते. गेल्या दिवाळीत गावाकडून परतताना रस्त्याकडेच्या एका बागेत नुकतीच रंगवलेली खोडं दिसली, तशी ती म्हणाली, "गाडी थांबव जरा."

बाग एका तरुण जोडप्याची होती. आई सरळ आत गेली, एका खोडावर तळवा टेकवून उभी राहिली. "आमचे मालक याच्यापेक्षा दाट करायचे," ती म्हणाली. त्या दोघांनी तिला बांधावर बसवलं आणि मोसंबी सोलून दिली. ती दादांबद्दल बोलायला लागली. मी हातातली गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि तिच्याशेजारी बसले.