धुराडं आणि सोयरीक

कोल्हापुरात डॉक्टर संयोगिताबाईंचा दवाखाना चालायचा तो पोटापुरता. जीव सगळा मागच्या खोलीतल्या प्रयोगशाळेत. धुराशी भांडता भांडता शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच श्वासनळीवर कशी उलटते, हे शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षं खर्ची पडली. त्यासाठी लागायचा कफ, आणि तो द्यायच्या चंदगडकडच्या एका काजू कारखान्यातल्या बायका. टरफलांच्या धुरात दिवस काढणाऱ्या या बायकांना चारचौघांत थुंकायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मग बाई स्वतः मिठाच्या पाण्याची वाफ घ्यायच्या, खाकरून आधी आपण डबीत थुंकायच्या. बायका पदराआड हसायच्या आणि आपापली डबी उघडायच्या. कुणाच्या तपासणीत काय निघालं ते मालकाच्या कानावर जाणार नाही, हा बाईंचा शब्द होता.

हाताखालच्या विश्वजितला त्यांनी पोटच्या पोरासारखं घडवलं. त्याची सोयरीक कारखान्याचे मालक हंबीरराव यांच्याच मुलीशी जुळायला लागली, तेव्हा मुलाकडच्या वडीलधाऱ्या म्हणून बैठकीला बाईच गेल्या. पोरगं त्या घरचा जावई झालं की कारखान्याचं धुराडं उंच करून घेईल, धूर बायकांच्या डोक्यावरून जाईल, असा त्यांचा भाबडा हिशोब! भर बैठकीत कौतुकाने म्हणाल्या, "कारखान्यातल्या कुठल्या बाईच्या छातीत काय आहे, याला तोंडपाठ आहे." हंबीरराव नुसते हसले.

लग्नाची हळद उतरते न उतरते तोच डबी देणाऱ्या बायकांपैकी अंबूबाईसह चौघींना निरोप गेला, कामावर येऊ नका. चौघीही दम्याच्या. बाईंनी विश्वजितला समोर उभं केलं.

"सासऱ्यांनी विचारलं, मॅडम," तो मान खाली घालून म्हणाला. "घरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

"आणि मी कोण होते रे?" बाईंचा आवाज फाटला. ज्याला हाताला धरून शिकवलं त्यानेच केसाने गळा कापला होता. आणि भर बैठकीत बोलून मालकाला ही वाट दाखवणाऱ्या आपणच, हे त्यांना जास्त जाळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या अंबूबाईच्या दारात गेल्या. अंबूबाई भांडली नाही. चहा दिला, दम खात समोर बसली.

"बाई, माझी छाती ठणठणीत हाय असं लिवून द्या. मालक परत घेतो म्हणतोय."

"पुन्हा त्या धुरात? अगं, तुला दमा आहे, अंबूबाई."

"व्हय की. ते मला तुमच्या आधीपास्नं ठाव हाय. तुमास्नी कशाला दावलं, तेवढंच कळंना झालंय."