धुऱ्यालगतचा चर

"काकू, तुमची जागा चांगली आहे. म्हणूनच ती योजनेत बसत नाही," प्रकल्पाचा तरुण साहेब मला म्हणाला. मी त्याला ते दोनदा बोलायला लावलं. दुसऱ्यांदाही त्याचा अर्थ तोच निघाला, आणि माझं डोकं फिरलं.

ब्रह्मपुरीच्या बाजारात डोक्यावरच्या टोपलीतून शिंगाडे विकून मी ही खोलगट, पाणथळ जमीन घेतली होती. तिथे म्हैस रुतली की दोर लावून ओढावी लागे, म्हणून तिला कोणी विचारतही नव्हतं. विकणाऱ्याला मी इतके हेलपाटे घालायला लावले की शेवटी भाव त्यानेच पाडला. गावाने मला चिखलवाली म्हटलं. म्हणू दे. त्याच चिखलातले शिंगाडे, कमळाचे देठ आणि मरळ मासे आज आरमोरीपर्यंत जातात. माल जातो माझ्या भावाने, व्यापाऱ्याच्या नाही.

खोलगट भागाचा पलीकडचा अर्धा शेजाऱ्याचा. त्याने मशीन आणून चर खोदले आणि सगळं पाणी नाल्याला सोडलं. त्यातला एक चर तर माझ्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, अगदी लागून. मी भांडायला गेले तर म्हणतो, "बाई, तुमीबी वाळवा अन् धान लावा. कवापर्यंत बेडकं राखसान?" त्याची बायकापोरं हसली. मी परत आले. जमीन त्याची होती.

पहिली काही वर्षं त्याचं धान असं यायचं की मी तिकडे बघत नसे. मग त्याची जमीन खाली बसायला लागली. धुऱ्यावरच्या सागाची मुळं त्याच्या बाजूने उघडी पडली. एका उन्हाळ्यात त्याने धसकटं पेटवली तर आग मातीतच शिरली. वर ज्वाळा नाही, पण आठवडाभर जमिनीतून धूर. तो धूर माझ्या घरात, माझ्या वाळवणावर. आणि त्याच्या चरामुळे माझी काठाकडची जागा भेगाळत होती, कमळ आत आत सरकत होतं.

मग हे प्रकल्पवाले आले. साहेबाने लोखंडी सळई माझ्या जमिनीत दाबली, ती मुठीपर्यंत आत गेली. शेजाऱ्याच्या जमिनीत वीतभर जाऊन टणक मातीला टेकली. त्याने समजावलं ते मला एका दमात कळलं. ही काळी माती म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजून साठलेली मुळं आणि पाला. पाणी असेतो ती टिकते. वाळवली की हवा शिरते, ती कुजते आणि गॅस होऊन आभाळात जाते, त्यानेच जगाची उष्णता वाढते. अशी जागा आपल्याकडे क्वचितच सापडते म्हणे. म्हणजे शेजाऱ्याची जमीन बसली नव्हती, उडून गेली होती.

आता शेजारी आपले चर बुजवणार, जागा पुन्हा भिजवणार, आणि जेवढा गॅस थांबेल त्याचे पैसे प्रकल्पाकडून त्याला वर्षानुवर्षं मिळणार. मला काही नाही, कारण माझ्याकडे थांबवण्यासारखं काही नव्हतं.

"म्हणजे ज्यानं उडवलं त्याले इनाम, अन् मी राखलं तर मी कोण?" मी विचारलं.

साहेब म्हणाला, नियमच तसा आहे. वर हेही म्हणाला की ओल्या चिखलातूनही बुडबुड्यांवाटे थोडा गॅस निघतोच. वाळवल्यावर निघतो त्यापुढे तो कमी, पण निघतो. एवढी वर्षं त्या बुडबुड्यांतून मी कमरेएवढ्या पाण्यात शिंगाडे काढले, आणि हा मला त्यांचा हिशोब सांगत होता. शेजारी बाजूलाच उभा राहून मान डोलवत होता.

मी म्हटलं, मग मी उद्याच चर खणते, वाळवते, आणि मग तुम्ही मला बुजवायचे पैसे द्या. साहेब हसला. त्याला ती थट्टा वाटली. मी फावडं आणायला वळलेसुद्धा होते. पण वाळवून माझंच कमळ मेलं असतं, हे रागातही मला दिसत होतं.

तेवढ्यात साहेबाने योजनेचा नकाशा उलगडला आणि मी थांबले. शेजाऱ्याने कापसासाठी माझ्या बाजूची वरची पट्टी कोरडी ठेवून घेतली होती. त्यासाठी माझ्या धुऱ्यालगतचा तो एक चर उघडाच राहणार होता. बाकी सगळे बुजणार, आणि माझं पाणी तसंच गळत राहणार.

पण नकाशावर आणखी एक गोष्ट होती. भिजवलेल्या जागेचं पावसाळ्यातलं जास्तीचं पाणी माझ्या कोपऱ्यातल्या सांडव्यातून नाल्याला जायचं होतं. दुसरी वाट नव्हती. आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

"माह्या सांडव्यातून एक थेंब जाणार नाई," मी म्हटलं. "पयले हा चर बुजवा."

साहेबाने योजनेचं मोठेपण सांगितलं, जगाचं भलं सांगितलं. मी धुऱ्यावर बसून राहिले. शेवटी त्याने रोपं देऊ केली, मत्स्यबीज देऊ केलं. मी म्हटलं, तेही घेईन, पण चर बुजल्यावर.

"बाई, माह्या कापसावर काऊन उठल्या?" शेजारी ओरडला.

"भाऊ, तुमाले पैसे भेटून राह्यले नं? त्यातून कापूस घ्या."

तो दोन दिवस आला नाही. मग साहेबच त्याला घेऊन आला. कोरडी पट्टी त्याने सोडली. चरात चिकणमाती पडली, आणि ती किती उंच दाबायची ते मी स्वतः आत उतरून, पायाने तुडवून दाखवलं. मजुरांनी हातभर कमी ठेवली होती, ती पुन्हा भरायला लावली.

काम झाल्यावर साहेबाला आम्हा दोघांचा एकत्र फोटो हवा होता. शेजाऱ्याने मला धुऱ्यावर घ्यायला हात पुढे केला. मी दुसऱ्या बाजूने चढले आणि घरी गेले.

काठाची भेगाळलेली जागा आता पुन्हा मऊ झाली आहे, पाय घातला तर रुततो. पैसे त्यालाच मिळतात. न्याय झाला असं मी म्हणणार नाही, आणि कोणी माझ्यासमोर म्हणूही नये.