निळा लसूण

दिंद्रुडात कुणाच्याबी घरी लोणचं घालायचं निघालं की आधी वच्छलाबाईला सांगावा जायचा. फोडी करणाऱ्या दहाजणी असतील, मसाला कुटणाऱ्या पाचजणी असतील, पण बरणीत मिठाची पहिली मूठ टाकायची ती वच्छलाबाईनंच. तिच्या मुठीचं लोणचं नासत नाही, असा गावाचा पक्का समज. लेकीचं लग्न ठरलं की हळद दळायच्या आधी तिची मूठ पडायची. बाई उंचीनं बेताची, अंगानं वाळल्या शेंगेसारखी. पण लोणच्याच्या अंगणात ती आली की पाटलिणीसुद्धा सरकून जागा करायच्या. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिच्या नावावर तेवढं एकच होतं. वावर नवऱ्याच्या नावावर, घर लेकाच्या नावावर, अन् मूठ तिची.

ही मूठ आली कुठून, ते मात्र गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

सतराव्या वर्षी ती राधाकिशनची बायको होऊन ह्या घरात आली. सासूनं पहिल्याच हिवाळ्यात तिला लिंबाच्या लोणच्याला बसवलं. हिनं सोललेला कच्चा लसूण तसाच लिंबाच्या रसात ढकलला. चौथ्या दिवशी बरणी उघडली तर पाकळ्या निळ्या. मोरचुदासारख्या निळ्याशार. सासूनं बरणी अंगणात आपटली. ‘बाजूला असताना हात लावला रांडेनं!’ म्हणत तिला केसाला धरून गोठ्यात नेऊन बसवलं. चाळीस दिवस. राधाकिशन रोज बैलांना वैरण टाकायला यायचा, बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचा, अन् हिच्याकडं न बघता निघून जायचा.

गोठ्यात माणसाला विचार करायला लई वेळ असतो. हिनं ताटात आलेली लिंबाची फोड चोरून ठेवली. फुटक्या कपात रस पिळला. एक पाकळी कच्ची टाकली, एक गोवरीच्या निखाऱ्यावर तांबूस भाजून टाकली. कच्ची निळी पडली, भाजकी तशीच राहिली. तीनदा करून बघितलं. तीनदा तेच. विटाळ नाही, करणी नाही, काही नाही. कच्चा लसूण आंबटात पडला की निळा होतो, बस. तेव्हा ओरडून सगळं गाव गोळा करावं असं तिला वाटलं होतं. पण निखाऱ्यापाशी बसल्या बसल्या तिला उमगलं, की हे आपल्या एकटीलाच माहीत हाय. मग ती गप्प बसली ती बसलीच.

तेव्हापासून तिच्या लोणच्यातला लसूण तेलात तांबूस झाल्याबिगर बरणी बघत नसे, अन् का ते कुणी कधी विचारलं नाही. दुसऱ्या बायांचा कधीमधी निळा पडायचा, हिचा कधीच नाही. असा हिचा हात नावाजला. गेल्या पंचेचाळीस वर्षांत गावातल्या तीन सुना निळ्या लसणापायी बदनाम झाल्या. त्यातली एक तर माहेरी गेली ती परत आलीच नाही. तिन्ही वेळेला वच्छलाबाई तिथं उभी होती. हनुवटीला हात लावून म्हणाली होती, “काय बाई, काळ आला!”

अशा घरात रोहिणी सून म्हणून आली. पाटोद्याची पोर, बीडला कॉलेज केलेली. हात चलाख, जीभ गोड, अन् फोन बघून रांधायची भारी हौस. दुसऱ्या वर्षी माघात गाजराचा हंगाम भरात होता. शेजारच्या साखराबाईनं दुरडीभर गाजरं आणून दिली. रोहिणी म्हणाली, “आत्याबाई, ह्याचं मेक्सिकन लोणचं करू का?”

“ते काय असतंय?”

“मेक्सिको देशात करतात. तिखट गाजर. तेल नाममात्र, सगळं व्हिनेगरात.”

पडवीतून राधाकिशन म्हणाला, “मेक्सिको म्हंजे तेलगावच्या अलीकडं का पलीकडं?”

“लई पलीकडं, मामा.”

“मग यष्टी जात नसंल.”

रोहिणी हसली अन् कामाला लागली. वच्छलाबाई उंबऱ्यात बसून बघत राहिली. पोरीनं गाजराच्या तिरप्या चकत्या केल्या, कांद्याच्या जाड फाका केल्या, हिरव्या मिरच्यांना चिरा दिल्या. पळीभर तेलात लसूण अन् कांदा परतला, मग गाजर टाकलं, पण शिजू दिलं नाही. तमालपत्र, काळी मिरी, जिरं, मीठ, चिमूटभर साखर. बीडला पिझ्झा खाल्ला तेव्हा जपून ठेवलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या फोडून टाकल्या. ओव्यासारखा वास सुटला. अंगदनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, माजलगावच्या चायनीजच्या गाड्यावरून व्हिनेगरची बाटली आणून दिली होती. व्हिनेगर अन् पाणी ओतून एक उकळी दिली अन् उतरवलं. उन्हात ठेवायचं नाही, महिनाभर मुरवायचं नाही. दुसऱ्या दिवशी ताटात.

अंगदनं पहिला घास घेतला, अन् कचकन आवाज झाला. डोळ्यांत पाणी, नाकात धूर. “आईच्यान्, जाळ हाय जाळ!” म्हणत त्यानं निम्मी वाटी संपवली. राधाकिशननं भाकरी संपल्यावर ताटातलं आंबट पाणीसुद्धा ओरपलं. वच्छलाबाईनं एक चकती चघळली. चांगली होती. तीच तर पंचाईत होती.

“इलायती हाय,” ती म्हणाली, “बरणीत टिकायचं न्हाई.”

अंगद गहिनीनाथ आबांच्या मागं मागं फिरणारा. आबा म्हणजे गावचे बडे शेतकरी, दोन वेळा निवडून आलेले. त्यानं डबाभर गाजर त्यांच्या घरी पोचवलं. आबांच्या नातीचा साखरपुडा आठ दिवसांवर आला होता, पाहुणे पुण्याचे. आबांच्या घरच्या जानकीबाईनं गाजर खाल्लं अन् दुसऱ्याच दिवशी स्वतः चालत आली. त्या बाईनं दुसऱ्याच्या उंबऱ्याला पाय लावणं म्हणजे गल्लीत बातमी.

“वच्छलाबाई, साखरपुड्याला तुमच्या सुनेचं गाजर पाहिजे. चार बरण्या. पुण्याची माणसं हाईत, आपल्या लिंबाच्या फोडीला नाकं मुरडतील.”

आपल्या लिंबाच्या फोडीला! पंचेचाळीस वर्षांत आबांच्या वाड्यावर दुसऱ्या कुणाचं लोणचं गेलं नव्हतं. वच्छलाबाई हसून म्हणाली, “न्या की. सून काय अन् मी काय.” जानकीबाई गेल्यावर तिनं रोहिणीकडं बघितलं. पोरीच्या तोंडावर असा उजेड होता, जसा कधी काळी हिच्या तोंडावर होता, लिंबं चिरताना.

बरण्या भरायच्या दिवशी घरात तिघंच होती. राधाकिशन पडवीत चपलेचा अंगठा शिवत बसलेला. रोहिणीनं शेरभर सोललेला लसूण कढईपाशी ठेवला.

“रोहिणे,” वच्छलाबाई म्हणाली, “एवढा लसूण परतीत बसलीस तर दिस मावळंल. कच्चाच टाक.”

“कच्चा चालतो, आत्याबाई?”

“अगं, कच्च्याचा वास टिकतो. चार बरण्या म्हंजे काय वाटीभर हाय का? व्हिनेगर निवलं की वरून टाक, अन् झाकण घट्ट लाव. माझे केस उन्हानं न्हाई पिकले.”

पडवीतला टोचा थांबला. राधाकिशननं वर बघितलं. वच्छलाबाईनंबी त्याच्याकडं बघितलं. टोचा पुन्हा चालू झाला.

“आन ऐक,” ती म्हणाली, “पहिली मूठ तूच टाक. माझी मूठ कशाला ह्या इलायती बरणीत? तुझं लोणचं, तुझा हात.”

रोहिणीचे डोळे भरून आले. ह्या गावात मूठ टाकायला मिळणं म्हणजे काय, ते तिला दोन वर्षांत चांगलं कळलं होतं. ती वाकून सासूच्या पाया पडली, अन् मिठाची मूठ भरून पहिल्या बरणीत सोडली. वच्छलाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “औक्षवंत हो,” म्हणाली.

साखरपुड्याच्या सकाळी आबांच्या अंगणात बाया जमल्या. जानकीबाईनं स्वतः पहिल्या बरणीचं झाकण काढलं अन् मागं सरली.

पांढऱ्या कांद्यात, तांबड्या गाजरात निळ्या पाकळ्या. दुसरी उघडली, निळ्या. तिसरी, चौथी, सगळ्या निळ्या.

“अगं माय माय माय!” साखराबाईनं पदर तोंडाला लावला. “शुभकार्याला विष आणलंय का काय हे!”

“मूठ कुणाची हाय?” जानकीबाईनं विचारलं.

वच्छलाबाईनं सुस्कारा टाकला. “माझी असती तर असं झालं असतं का, जानकीबाई? मी म्हणलं होतं, इलायती हाय, जपून. हिनं स्वतः मूठ टाकली. आता त्या दिवशी बाजूला होती का काय, ते तिचं तिला ठाऊक. हल्लीच्या पोरी सांगत्यात व्हय?”

“न्हवते मी बाजूला!” रोहिणी म्हणाली. तिनं फोन काढून भराभर शोधलं. “काकू, हे बघा. कच्चा लसूण आंबटात पडला की निळा होतो. हितं लिहिलंय. खायला काही होत न्हाई. आत्याबाईनंच सांगितलं, कच्चा टाक म्हणून!”

“इंग्रजीत लिहिलंय की गं,” जानकीबाई फोनकडं न बघताच म्हणाली.

“मी सांगितलं?” वच्छलाबाईनं छातीला हात लावला. “पंचेचाळीस वर्सं ह्या गावात मूठ टाकते मी. मी सांगंन कच्चा लसूण टाक म्हणून? अंगद, बघ रं बाबा तुझी बायको.”

“मामा हुते तिथं!” रोहिणी वळली. “मामा, तुमी सांगा. तुमी ऐकलंय!”

राधाकिशन फाटकापाशी उभा होता. त्यानं घसा खाकरला. सगळ्या बाया त्याच्याकडं बघायला लागल्या. त्यानं चपलेच्या नव्या शिवणीकडं बघितलं अन् म्हणाला, “मला कमी ऐकू येतंय आताशा.”

मग रोहिणीनं कुणाला कळायच्या आत बरणीत हात घातला, निळ्या पाकळ्यांची मूठ काढली अन् सगळ्यांसमोर तोंडात कोंबली. कराकरा चावली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी चावतच राहिली. “बघा! मरते का मी? बघा!”

मग साखराबाई म्हणाली, “विटाळ तिचाच. तिला कशानं बाधतोय?”

बाया हसल्या. अंगदची मान खाली गेली होती, कारण ओसरीवर आबांसंगं चार पुढारी बसले होते अन् सगळे इकडंच बघत होते. तिथून कुणीतरी म्हणालं, “अंगद, घरचं सांभाळता येत न्हाई व्हय बे?” अंगद चालत आला अन् त्यानं रोहिणीच्या कानाखाली एक वाजवली. तोंडातला लसूण फरशीवर पडला. तो तिलाच पुसायला लावला.

चारी बरण्या तिनं स्वतःच्या हातानं उकिरड्यावर रिकाम्या केल्या. आबांची म्हैस दावं तोडून आली अन् सगळी गाजरं चाटूनपुसून खाऊन गेली. त्या दिवशी तिनं रोजच्यापेक्षा शेरभर दूध जास्तच दिलं. “ढोराला काय कळतंय,” जानकीबाई म्हणाली अन् त्याच दुधाचा चहा पुण्याच्या पाहुण्यांना दिला. पाहुण्यांच्या ताटात वच्छलाबाईचं लिंबाचं लोणचं गेलं. पुण्याच्या विहीणबाईनं दोनदा मागून घेतलं.

घरी आल्यावर वच्छलाबाईनं ठरवून टाकलं, “सव्वा महिना बरणीला हात लावायचा न्हाई. ताट येगळं. आन आता गोठ्यात बसायचे दिस न्हाईत, म्हणून पडवीत बस.” हे सांगताना आपण केवढी सूट दिली, असंच तिला मनापासून वाटत होतं.

रोहिणी पडवीत बसली. पहिले आठ दिवस रडली. मग रडायची थांबली. वच्छलाबाई भाकरी वाढायला जायची तेव्हा पोर वर बघायची नाही. पण एकदा तिच्या ताटापाशी बशी दिसली. बशीत लिंबाचा रस, अन् रसात दोन पाकळ्या. एक निळी, एक तांबूस. वच्छलाबाईनं भाकरी ताटात टाकली अन् काहीच न बघितल्यासारखी आत गेली. त्या दिवशी तिला स्वतःला जेवण गेलं नाही.

चैत्रात आबांच्या नातीचं लग्न आलं. लिंबाचं लोणचं घालायला वच्छलाबाईला बोलावणं आलं. सव्वा महिना संपला होता, पिशवी धरायला रोहिणी सोबत आली. वाटेत ती चार पावलं मागंच चालली. अंगणात गेल्यावर जानकीबाईनं तिला लांब, नळापाशी बसवलं.

लिंबं चिरून झाली. मसाला आला. वच्छलाबाईनं पदर खोचला, मिठाच्या परातीत हात घातला. तेवढ्यात नळापासून आवाज आला, अगदी साधा, शिकणाऱ्या पोरीचा असावा तसा.

“आत्याबाई, लसूण कच्चा टाकायचा का परतून?”

वच्छलाबाईची मूठ परातीतच राहिली. अंगणात वीसेक बाया होत्या. कच्चा म्हणावं तर ही बरणी चार दिवसांत निळी पडणार, अन् मूठ हिची. परतून म्हणावं तर जानकीबाई विचारणार, का म्हणून? ज्या आवाजाची ती पंचेचाळीस वर्षं वाट चुकवत आली होती, तो आता नळापाशी मांडी घालून बसला होता.

“परतून,” ती म्हणाली. “तांबूस होऊस्तोवर.”

“आन कच्चा टाकला तर काय होतंय?” रोहिणीनं विचारलं.

आता सगळ्या बाया थांबल्या. जानकीबाईनं वच्छलाबाईकडं बघितलं.

“कच्चा टाकला,” वच्छलाबाई म्हणाली, “तर वास मारतोय.”

“अस्सं,” रोहिणी म्हणाली. “ध्यानात ठेवते.”

जानकीबाईनं मान डोलावली. बायांची कुजबुज पुन्हा चालू झाली. एकीलाही काही आठवलं नाही. साखराबाईनं लसूण उचलला अन् कढईकडं नेता नेता म्हणाली, “शिक बाई, शिक. तुज्या सासूसारखी बाई मिळायची न्हाई शिकवायला.”

“खरं हाय,” रोहिणी म्हणाली.

वच्छलाबाईनं मीठ सोडलं. मूठ रिकामी झाली तरी तिला बोटं उघडल्यासारखी वाटेनात. तिनं नळाकडं बघितलं. पोर तिच्याकडंच बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, रागसुद्धा नव्हता. असलं बघणं वच्छलाबाईनं एकदाच पाहिलं होतं, गोठ्यातल्या पाण्याच्या हौदात, स्वतःचं.

“वच्छलाबाई,” जानकीबाई हात पुसत म्हणाली, “तुमच्यामागं ही मूठ कोण टाकणार वो? आता एखादीला तयार करा की.”

वच्छलाबाईनं तोंड उघडलं. पण तिच्या आधी रोहिणी उठली होती, पिशवी घेऊन, पदर सारखा करत.

“मी झाले की तयार, काकू,” ती म्हणाली. “आत्याबाईला जसं कळलं, तसंच मला कळलं.”

बाया कौतुकानं हसल्या. वच्छलाबाईलाही हसावं लागलं.