तोडलेलं रान

भुशाच्या शेगडीसाठी मी सोलापुरातल्या एका लाकडाच्या वखारीत भुसा आणायला जायची. तिथे करवतीवर एक माणूस होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. खालच्या, कर्नाटकातल्या रानातले ओंडके आले की तो प्रत्येकावर थाप मारायचा आणि कान लावून थांबायचा. आत कुणी असेल तर त्याला निघायला वेळ द्यायचा, मगच करवत चालू करायचा. मला त्याची भीती वाटायची, तरी मी बघत राहायची.

एकदा मालक त्याला म्हणाले, "त्या तोडलेल्या रानातलं उरलंसुरलं आणायला तू जा. तितं आता हाय काय?"

"लई हायत, मालक."

"कोण? तुझी सासू?"

तो हसला नाही. "मी बघून आलोय की. तोडलेल्या झाडांच्या थुटांना फुटवा आलाय. आपण तोडताना पळालेली सगळी माघारी आल्यात. पाखरं, वांदरं, बिबट्या बी. मला बघून एक बी हाललं न्हाय. त्यास्नी परत हाकलायला मी न्हाय जायचा."

"मग घरी बस!"

तो अंगावरचा भुसा झटकून निघून गेला.

पुढच्या आठवड्यात त्या रानात गेलेला ट्रक रिकामाच परतला. ड्रायव्हर मालकांना सांगत होता, "तो आमच्या आदीच तितं हुता. उरलेल्या झाडांम्होरं गप हुबा. सरक म्हटलं तर सरकंना. मग त्याच्या मागं पाला हालला. वारं न्हवतं, मालक."

मालक ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "मागं कोण हुतं?"

"बघाय कोण थांबलंय?"

त्या रानात ट्रक पुन्हा गेला नाही. तो माणूसही सोलापुरात परत दिसला नाही.